मास कॉमला आले पण नुसती थिअरीच चाललीये, हे नक्की कशासाठी शिकायचं?

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी. मी कम्युनिकेशन आणि मीडियाच्या पहिल्या वर्षाला आहे, तीन महिने झाले. अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा डोक्यात होतं की रिपोर्टिंग करायचं, व्हिडिओ बनवायचे, फिरायचं. आणि इथे काय तर आठवड्याला एक प्रॅक्टिकल, बाकी शॅनन-वीव्हरचं मॉडेल, लासवेलचं मॉडेल, मग अजून कोणाचं तरी मॉडेल, सगळीकडे चौकोन आणि बाण. परवा सर 'नॉइज' (म्हणजे संदेश पोचताना येणारा अडथळा) या विषयावर पाऊण तास बोलले आणि मागच्या बाकांवर एवढा गोंगाट होता की मला त्यातलं काही ऐकूच आलं नाही (जोक नाहीये, खरंच). घरचे विचारतात काय शिकवतात गं, मी सांगते माणसं संवाद कसा साधतात ते, तर म्हणे ते आम्ही न शिकताच करतो. यावर मला उत्तर सुचत नाही, खरं दुखणं ते आहे. एडिटिंग तर मी व्हिडिओ बघून बघून शिकतेच आहे. मग बाकीचं कशाला? या वाटेने गेलेल्यांनी सांगा, पण मोटिवेशन नको.

जुना_उपसंपादक
आधी ते चौकोन-बाण. क्लॉड शॅननने १९४८ साली बेल लॅब्जमध्ये असताना ते मांडलं तेव्हा माणसं एकमेकांशी कशी बोलतात हा त्याचा विषयच नव्हता. तो गणितातला माणूस, त्याला पडलेला प्रश्न एवढाच की तारेत खरखर असली तरी संदेश पलीकडे जसाच्या तसा कसा पोचेल. संदेशाचा अर्थ काय याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही असं त्याने सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. नंतर आपल्या विषयवाल्यांनी ते उचललं आणि माणसांना लावलं, त्यामुळे ते कोरडं वाटलं तर तुझं काही चुकत नाहीये.

पण 'गेटकीपिंग' (कोणती बातमी आत घ्यायची, कोणती नाही ते ठरवणं) येईल तेव्हा मात्र लेक्चर बुडवू नकोस. डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९५० साली छापून आलेल्या अभ्यासासाठी एक साधी गोष्ट केली. अमेरिकेतल्या एका छोट्या दैनिकात वृत्तसंस्थांकडून आलेल्या बातम्या निवडणारा एक संपादक गाठला, त्याचं नाव झाकून 'मिस्टर गेट्स' ठेवलं, आणि त्याला म्हणाला आठवडाभर जी जी बातमी टाकून देशील ती जपून ठेव आणि तिच्यावर कारण लिही. दहातल्या जवळपास नऊ बातम्या टाकून दिलेल्या. कारणं काय, तर जागा नाही, कंटाळवाणी आहे, आणि काही ठिकाणी सरळसरळ साहेबांची स्वतःची मतं. मी अठरा वर्षं डेस्कवर रोज रात्री हेच केलं आणि एकदाही मला कोणी विचारलं नाही की ही का टाकलीस, मी पण स्वतःला विचारलं नाही. व्हाइटचा तो शोधनिबंध वाचला नोकरी सोडल्यावर, आणि जरा लाजच वाटली. विद्यार्थी असताना वाचला असता तर वेगळा उपसंपादक झालो असतो का? माहीत नाही, पण निदान वही तरी ठेवली असती.

रोखठोक
काकांचा आदर ठेवून सांगतो, थिअरी एका सेमिस्टरमध्ये आटपते. मी हाच कोर्स केलाय. इंटरव्ह्यूला मला कोणी लासवेल विचारला नाही, मार्क पण नाही विचारले, म्हणाले काय बनवलंयस ते दाखव. आणि दाखवायला काही नव्हतं कारण आमच्या डिपार्टमेंटचा कॅमेरा कपाटात आणि किल्ली एका माणसाकडे आणि तो माणूस कायम मीटिंगमध्ये. तीन वर्षांत तो कॅमेरा मी चार वेळा पाहिला असेल, त्यातल्या दोनदा काचेतून. त्यामुळे कॉलेजवर अवलंबून राहू नको, फोनवर शूट कर, दर महिन्याला एक तरी गोष्ट पूर्ण कर, अर्धवट दहा असण्यापेक्षा पूर्ण तीन बऱ्या.

अर्धवट_पीएचडी
रोखठोक यांचं पोर्टफोलिओबद्दल एकदम पटलं, "आटपते" हे अजिबात नाही.

१९६८ च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी मॅक्कोम्ब्स आणि शॉ यांनी चॅपल हिल गावात अजून मत न ठरलेल्या १०० मतदारांना विचारलं की तुम्हाला महत्त्वाचे मुद्दे कोणते वाटतात, आणि दुसरीकडे त्याच काळात पेपर-टीव्हीने कशाला किती जागा दिली ते मोजलं. दोन्ही याद्या जवळजवळ जुळल्या. १९७२ मध्ये ते छापून आलं आणि 'अजेंडा सेटिंग' हा शब्द रूढ झाला. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण खरी मजा पुढे आहे, याद्या जुळल्या म्हणजे मीडियाने लोकांच्या डोक्यात मुद्दे घातले की लोकांना जे हवं तेच मीडियाने दाखवलं? त्या एका सर्व्हेवरून हे सांगताच येत नाही. म्हणून नंतरच्या लोकांनी तीच माणसं पुन्हा पुन्हा गाठली, कोणी बातमीपत्रं मुद्दाम बदलून वेगवेगळ्या गटांना दाखवली आणि मग काय फरक पडतो ते पाहिलं. हे कळलं की "सोशल मीडियामुळे अमुक झालं" असं कोणी ठणकावून सांगितलं की तुझा हात आपोआप वर जातो, कशावरून?

१९३८ च्या, मंगळावरून पृथ्वीवर हल्ला होतो अशा अमेरिकन रेडिओ नाटकाचंही तसंच. देशभर लोक घाबरून रस्त्यावर आले असं अजून शिकवतात. त्या रात्रीच्या श्रोत्यांच्या पाहणीत ते नाटक ऐकणारे फारच थोडे निघाले होते, आणि घबराटीच्या बातम्या रंगवल्या त्या वर्तमानपत्रांनी, ज्यांच्या जाहिराती रेडिओ पळवत होता. तर स्टॅटिस्टिक्सचा पेपर ऑप्शनला टाकू नकोस, सगळे टाकतात आणि थिसिसला रडतात. मी रडलोय.

मधली_सुट्टी
मला उलटीकडून कळलं. एका संस्थेसाठी पाणी वाचवा म्हणून व्हिडिओ केला होता, नळातून पडणारं पाणी स्लो मोशनमध्ये, काय सुंदर शॉट, आम्ही सगळे खूश. खाली पहिलीच कमेंट, हे शूट करायला किती पाणी सांडलंत? आणि मग दोनशे लोक तेच. तेव्हा आठवलं की स्टुअर्ट हॉल म्हणून कोणीतरी होता, १९७३ चं एन्कोडिंग-डीकोडिंग, की तुम्ही एका अर्थाने बनवता, बघणारा तो अर्थ तसाच घेईल, थोडा वाटाघाट करून घेईल किंवा पार उलटा घेईल. परीक्षेला पाठ करून लिहिलं होतं मी ते, आठ मार्क मिळालेले. व्हिडिओ टाकायच्या आधी आठवलं असतं तर पाच अनोळखी माणसांना दाखवून घेतला असता. आता दाखवते.

रोखठोक
@मधली_सुट्टी, नळाचा शॉट मस्त असणार पण 😄 बरं, आटपते हा शब्द मागे घेतो. किल्लीचं मात्र मागे घेत नाही.

खिडकीपाशी
सगळ्यांना थँक्यू, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काकांचं वाचून काल मी पण मिस्टर गेट्स व्हायचा प्रयत्न केला. फोनवर जे जे न बघता पुढे ढकललं त्याची वहीत नोंद आणि शेजारी कारण. एका तासात चौतीस नोंदी झाल्या आणि हात दुखला म्हणून थांबले. निम्म्यांपुढे कारणाचा रकाना रिकामाच आहे, विचार करूनही सुचलं नाही. बाकी ज्या बातम्या मला दिसल्याच नाहीत त्या कोणी आणि का टाकल्या त्याची वही कुठे मिळणार, हे सरांना विचारणार आहे.

आणि हो, आमच्याकडेही कपाट आहे. किल्ली कोणाकडे असते ते आज शोधून काढलं.