नवीन लायनर टाकूनही मागचा ब्रेक लागत नाही (१३० मिमी ड्रम)

आडवळण:
१०० सीसी गाडी, स्पोकचं चाक, मागे १३० मिमीचा ड्रम, सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) नाही. ६२ हजार किमी झालेत. पेडल खोल जातं, पण गाडी पकड घेत नाही. दोनदा लायनर बदलले, दुसऱ्यांदा ओरिजिनल. कॅमला (लायनर फाकवणारा भाग) ग्रीस लावून झालं. नट पुढे घेत घेत पेडलकडून येणाऱ्या रॉडवरचे जेमतेम चार आटे उरलेत. मेकॅनिकने कॅम फिरवणारा लिव्हर एक दाता फिरवून बसवला, आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता तो कॅम आणि लायनरच्या मध्ये पत्रा घालू म्हणतोय. घालावा का?

तेलपाणी:
पत्रा अजिबात घालू नका. तो सरकला की कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो, लायनर मागे येत नाही आणि चालत्या गाडीचं चाक जाम होऊ शकतं.

आधी लिव्हर मूळ जागी आणा. कॅमच्या दांड्यावर आणि लिव्हरवर एकेक ठिपका असतो, ते समोरासमोर यायला हवेत. दाता फिरवल्याने झीज भरून निघत नाही, फक्त दिसेनाशी होते. लायनर संपल्याची खूण दाखवणारा बाणही मग भरवशाचा राहत नाही.

आता कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि बाजूने बघा. ब्रेक लागलेला असताना रॉड आणि लिव्हर यांच्यात साधारण काटकोन हवा. हा कोन १२० अंशांवर गेला तर सुमारे १३ टक्के जोर तिथेच वाया जातो, आणि पुढे तो झपाट्याने घटतो. ठिपके जुळवलेत, लायनर नवा आहे, तरी कोन काटकोनापलीकडे जातोय, तर दोष लायनरचा नाही. कॅम झिजलाय, लायनरच्या टाचेत (कॅम टेकतो त्या टोकात) कॅमने खड्डा पाडलाय, किंवा ड्रम मोठा झालाय.

यातलं काय ते खडू सांगेल. दोन्ही लायनरवर बोटभर अंतराने आडव्या रेघा मारा, चाक बसवा, हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबा आणि उघडा. रेघा जिथे पुसल्या तेवढाच लायनर काम करतोय. फक्त मधल्या रेघा गेल्या असतील तर ड्रमची गोलाई लायनरपेक्षा मोठी झाली आहे. म्हणूनच नवे लायनर टाकूनही फरक पडत नाही.

चाकोरी:
वरचं पटलं. चाक उघडलंच आहे तर आणखी थोडं बघून घ्या.

लायनर काचेसारखा चमकत असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवा घासा, चमक जाईपर्यंत. तेल किंवा ग्रीस मुरलेला लायनर मात्र टाकूनच द्या. पेट्रोलने धुतला तरी गरम झाल्यावर तेल पुन्हा वर येतं. ते आलं कुठून तेही शोधा: बहुतेक वेळा बेअरिंगचं सील गेलेलं असतं, नाहीतर कॅमला ग्रीस जास्त झालेलं असतं. कॅमच्या दांड्याला पातळ थर पुरे. आतली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती छातीत जाणं वाईट.

जोडताना लायनर जिच्यावर बसतात ती प्लेट मधोमध बसवणं बहुतेक जण विसरतात. अ‍ॅक्सलचा नट हाताने लावा, पेडल जोरात दाबून धरा आणि दाबलेलं असतानाच नट आवळा. दोन्ही लायनर ड्रमला सारखे टेकतात आणि प्लेट त्याच जागी पक्की होते. टॉर्क रॉडचा बोल्ट आणि त्याची पिन नक्की तपासा. तो सुटला तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते. शेवटी पेडलला २० ते ३० मिमी चाळ (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) ठेवा.

पेडलचा पिव्होटही बघा. पावसाळ्यात तिथे चिखल बसतो आणि पायाचा अर्धा जोर पेडल हलवण्यातच जातो.

आडवळण:
ठिपके जुळवले. दाबल्यावर कोन काटकोनाच्या बराच पलीकडे. खडूच्या फक्त मधल्या रेघा पुसल्या, दोन्ही टोकांच्या जशाच्या तशा. कॅम आणि टाचा ठीक दिसतात. पण व्हर्नियरने ड्रम १३०.२ मिमी येतोय, आणि हबवर (चाकाचा मधला भाग, ड्रम त्यातच असतो) कमाल १३१ कोरलंय. मग ड्रम चांगलाच म्हणायचा ना?

तेलपाणी:
माप कडेवर घेतलंत का? लायनर जिथे घासत नाही तिथे बारीक कंगोरा उरतो, नखाने चाचपलात तर लागेल. व्हर्नियरचे जबडे कंगोऱ्याच्या आत, घासलेल्या भागात टेकवा. आणि एकमेकांना काटकोनात दोन मापं घ्या.

आडवळण:
कंगोरा आहे. आत १३१.४, आडवं १३१.६.

तेलपाणी:
मग ड्रम संपला. लेथवर फिरवून घ्यायचा विचार सोडा, तो आणखी मोठाच होईल. तुमचं चाक स्पोकचं आहे हे बरं. फक्त हब बदलून रिम तीच ठेवता येते. स्पोक गंजले असतील तर तेही नवे घ्या आणि चाकाचा बाक काढून घ्यायला सांगा. अलॉय असतं तर बहुधा अख्खं चाक घ्यावं लागलं असतं. ड्रममध्ये स्लीव्ह (आतून बसवायचं कडं) ठोकून देणारे भेटतील, पण गरम झाल्यावर ती सुटण्याची भीती राहते, मी सुचवणार नाही.

नव्या हबमध्ये लायनरही नवेच टाका, आताचे मधोमध घासले गेलेत. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर हलके ब्रेक लावा, मग चाळ पुन्हा तपासा.

चाकोरी:
आणि तोवर पुढचा ब्रेक नीट लागतोय ना, हे आजच बघा. ब्रेक दाबताच वजन पुढे जातं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाकच करतं. पुढच्या ब्रेकची केबलही ताणून सैल झाली असेल तर हब येईपर्यंत गाडी काढू नका.