बूम लावण्याआधी रसायन ओळखा

बंदरात जहाजातून 'गळती दिसली की लगेच बूम (पाण्यावर तरंगणारा अडथळा) टाकून घेरा' हा सल्ला तेलासाठी ठीक आहे, पण रसायनांसाठी अर्धवट आहे. मिथेनॉल पाण्यात पूर्ण विरघळतं, त्याला बूम काय अडवणार? इथिलीन डायक्लोराइडची घनता साधारण १.२५ (पाण्याची १), म्हणजे ते सरळ तळाशी जाऊन खड्ड्यांत साचतं. ते तिथूनच पंपाने उपसावं लागतं.

बेन्झिन तरंगतं खरं, पण खरा घोळ तिथेच आहे. बूमने घेरलं की थर जाड होतो आणि वाफ एका जागी जमते. ती हवेपेक्षा जड असल्याने धक्क्याखालच्या पोकळीत रेंगाळते. त्यात पेट्रोल इंजिनची बोट आत घातली तर ठिणगीची सोय आपणच केली! बरं, ज्वलनशीलतेच्या मीटरवर भिस्त ठेवू नका. बेन्झिनची खालची स्फोटमर्यादा, म्हणजे हवेत निदान एवढी वाफ असली की ती पेटू शकते, १.२ टक्के. मीटरचा गजर या मर्यादेच्या १० टक्क्यांवर लावला, तरी तो वाजेपर्यंत हवेत १२०० पीपीएम (दहा लाखांत १२०० भाग) झालेलं असतं. जिवाला तत्काळ धोका मात्र ५०० पीपीएमलाच धरतात. त्यामुळे पीआयडी (अतिनील दिव्याने हवेतली अगदी थोडी वाफही मोजणारा मीटर) हवाच. (त्यातही १०.६ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा दिवा मिथेनॉल पकडत नाही, शून्य दाखवतो आणि माणसं मास्क काढतात.)

म्हणून आधी जहाजाच्या कागदांवरून यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा ओळख क्रमांक) आणि रसायनाचं सुरक्षापत्रक मिळवा, वारा जिकडून येतो त्या बाजूने जा, आजूबाजूच्या जहाजांना समुद्राचं पाणी आत घेणं थांबवायला सांगा. द्रव अमोनिया सांडला असेल तर फवारा वाफेवर मारा; साचलेल्या द्रवावर पाणी पडलं की तो आणखी उकळतो.