मदत हवी आहे: आश्रमशाळेतला ऑफलाइन सर्व्हर वीज गेली की बिघडतो

नमस्कार मंडळी. धडगाव तालुक्यातल्या (नंदुरबार) एका आश्रमशाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी विज्ञानाचे धडे इंटरनेटविना चालवायचे आहेत. मांडणी अशी: रास्पबेरी पाय ४ (छोटा, स्वस्त संगणक; पुढे नुसतं ‘पाय’), त्यावर कोलिब्री (इंटरनेटविना धडे दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर), शेजारी साधा वायफाय राउटर, २० टॅबलेट.

अडचण विजेची. कोलिब्री मुलांची प्रगती सतत डेटाबेसमध्ये लिहीत असते. नेमकी तेव्हा वीज गेली की एसडी कार्डावरची फाइल सिस्टिम खराब होते आणि पाय सुरूच होत नाही. कार्ड फक्त-वाचनीय (त्यावर काही लिहिता येणार नाही असं) केलं तर ते खराब होत नाही, पण प्रगतीची नोंद पुसली जाते, आणि मागे पडलेलं मूल त्या नोंदीवरूनच कळतं. म्हणून कोलिब्रीचा डेटा वेगळ्या एसएसडीवर (एसडी कार्डापेक्षा टिकाऊ साठवण) हलवायचा विचार आहे. एसएसडी धरून पायला साधारण ६ वॅट लागतात. सहा तासांचे ३६ वॅट-तास. १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची तर ४२ मिळतात. पाय निभावतो, राउटर जोडला की नाही.

विचारायचंय ते हे:

१) १८ एएचची बॅटरी घ्यावी, की लिथियम आयर्न फॉस्फेट?
२) १२ वरून ५ व्होल्ट करणारा, ३ अँपिअर खरोखर टिकवणारा कन्व्हर्टर कोणता? बारीक, लांब वायरीत व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की पाय इशारा देतो.
३) बॅटरी उतरताना पाय आपोआप नीट बंद करायची स्क्रिप्ट कुणाकडे आहे?

आणि पावरी बोलीत विज्ञानाचे ऑडिओ कुणी केले असतील तर जरूर कळवा. त्यांची गरज सगळ्यात जास्त आहे.