रुग्णालय-जहाजावर स्वयंसेवी परिचारिका म्हणून जाण्याविषयी

रातराणी:

नमस्कार. शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण ठेवतात त्या वॉर्डमध्ये मी काही वर्षे परिचारिका म्हणून काम करीत आहे. आफ्रिकेच्या बंदरांत मुक्काम करून मोफत शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालय-जहाजावर दोन-तीन महिने स्वयंसेवा करावी, असा माझा गंभीर विचार आहे. संस्थेने दिलेली माहिती मी वाचली आहे. तिच्यातून जहाजाची लांबी, खाटा आणि शस्त्रक्रियागृहांची संख्या कळली, परंतु परिचारिकेची कामाची पाळी प्रत्यक्षात कशी जाते ते कळले नाही. ज्याची भाषा आपल्याला येत नाही, अशा रुग्णाला वेदना किती आहे हे तरी कसे विचारायचे? याहून मोठी शंका अशी की, इतक्या थोड्या मुदतीसाठी आलेल्या परिचारिकेचा तेथे खरोखर उपयोग होतो, की तिला काम समजावून सांगण्याचा भारच कायमच्या मंडळींवर पडतो? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

धक्क्यावरची:

रातराणीताई, मी मर्सी शिप्स या संस्थेच्या ‘आफ्रिका मर्सी’ जहाजावर चेहरा व जबड्याच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डमध्ये काम केले आहे, म्हणून प्रथम त्या वॉर्डविषयीच लिहिते. हे जहाज १९८० मध्ये डेन्मार्कमध्ये रेल्वेचे डबे वाहून नेणारी फेरी म्हणून बांधले गेले आणि रुग्णालयात रूपांतर झाल्यावर २००७ पासून सेवेत आले. वॉर्ड खालच्या डेकवर आहेत, खाटा एकमेकींना जवळजवळ लागून आहेत, आणि रुग्णासोबत आलेली आई किंवा भाऊ त्याच खाटेखाली गादी घालून झोपतो. रात्री औषध द्यायला निघालेल्या परिचारिकेला म्हणूनच पाऊल जपून टाकावे लागते. जहाज महिनोन्‌महिने धक्क्याला बांधलेले असते. समुद्र लागण्याची भीती अनेकांना वाटते, परंतु रुग्णसेवेच्या काळात ती जवळजवळ निराधार ठरते.

आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत जबड्याच्या अमेलोब्लास्टोमाचे रुग्ण बरेच असत. ही गाठ कर्करोगाची नसते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर ती फारशी वाढूच शकत नाही. पण जेथे शस्त्रक्रिया परवडत नाही किंवा उपलब्धच नाही, तेथे ती वर्षानुवर्षे वाढत राहते, अन्न गिळणे अवघड करते आणि शेवटी श्वासमार्गच दाबते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस परिचारिकेसाठी अत्यंत जोखमीचे असतात. जीभ आणि तोंडाचा तळ सुजलेला असतो, जबड्याच्या जागी धातूची पट्टी बसवलेली असते, आहार नाकातून घातलेल्या नळीने द्यावा लागतो, आणि रुग्णाला बोलता येत नाही. तोंडातील लाळ व रक्त ओढून घेणारे सक्शन यंत्र चालू आहे ना, हे प्रत्येक पाळीच्या आरंभी स्वतः पाहायचे असते. आधीच्या पाळीच्या परिचारिकेने काम सोपवताना सांगितले, एवढ्यावर थांबायचे नसते. तुम्ही शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचे काम केले आहे, म्हणजे यातले पुष्कळ तुमच्या हाताला सवयीचे आहे.

भाषेचा प्रश्न दुभाषे सोडवतात. त्यांना स्थानिक कर्मचारी म्हणून पगारावर नेमलेले असते आणि ते प्रत्येक पाळीत वॉर्डमध्ये असतात. ‘दुभाषी’ हा शब्द त्यांच्या कामाला अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सेनेगलमध्ये एकाच वॉर्डात वोलोफ आणि पुलार बोलणारे रुग्ण शेजारी शेजारी असतात, आणि दुभाषी नुसते शब्द पोहोचवत नाही: ही बाई ‘दुखत नाही’ म्हणते ती केवळ संकोचाने, हे तोच आपल्या लक्षात आणून देतो. वेदनेची तीव्रता विचारण्यासाठी चेहऱ्यांची चित्रे असतातच, पण ज्याचा अर्धा चेहरा पट्ट्यांत गुंडाळलेला आहे, त्याच्या बाबतीत नाडी, हाताची मूठ आणि सोबतच्या नातेवाइकाचा अंदाज यांवरच अधिक विसंबावे लागते. पहिल्याच आठवड्यात दुभाष्यांशी मनापासून मैत्री करा, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे.

आता उपयोगाविषयी. या रुग्णांपैकी कित्येकांनी अनेक वर्षे घराबाहेर पडताना चेहरा कापडाने झाकलेला असतो. वॉर्डमध्ये कोणी त्यांच्याकडे सरळ पाहून बोलते, त्यांच्या शेजारी बसून पत्ते खेळते, ड्रेसिंग करताना चेहऱ्याला न कचरता हात लावते, तेव्हा त्यांची मान हळूहळू वर येऊ लागते. हे शस्त्रक्रियागृहात घडत नाही. ते आठ किंवा बारा तासांच्या पाळीत, औषधे आणि नोंदी यांच्या मधल्या वेळात घडते, आणि ते परिचारिकाच करू शकते. त्यासाठी वर्षभर राहावे लागत नाही. मात्र मोकळा वेळ मिळाला की केबिनकडे धावणारी व्यक्ती तेथे उपयोगाची नाही.

सुकाणू:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी शस्त्रक्रियागृहात परिचारक होतो, त्यामुळे वॉर्डविषयी न लिहिता खर्च, कागदपत्रे आणि राहणीमान यांविषयी थोडक्यात लिहितो. स्वयंसेवकाला वेतन नसते. प्रवास, विमा, लसी यांचा खर्च आपणच करायचा असतो आणि माझ्या वेळी जहाजावरील निवास-भोजनासाठीही ठरावीक रक्कम भरावी लागत असे. अनेक जण मित्र-आप्तांकडून वर्गणी जमवतात आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परिचारिका म्हणून आपली नोंदणी चालू असल्याची खात्री आधी करून घ्या. पश्चिम आफ्रिकेत जाण्यासाठी पीतज्वराची लस अपरिहार्य समजा. तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. हिवतापावरील प्रतिबंधक गोळ्या तेथे राहीपर्यंत आणि परतल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत न चुकता घ्यायच्या असतात; रोज रुग्णालयात वावरणारी माणसेच याबाबतीत बेफिकिरी करतात, हे मी पाहिले आहे.

केबिन बहुधा इतरांसोबत वाटून घ्यावी लागते, खाटा एकावर एक असतात, आणि एकीची रात्रपाळी संपते तेव्हा दुसरीचा दिवस सुरू होतो. पाणी जपून वापरायचे असते. मधूनमधून आपत्कालीन सराव होतो: सात आखूड आणि एक लांब भोंगा ऐकू आला की सर्वांनी नेमून दिलेल्या जागी जमायचे. वॉर्डमधील परिचारिकांना रुग्णांना बाहेर काढण्याचा सराव त्याहून वेगळा करावा लागतो, आणि प्लास्टर घातलेल्या मुलांना अरुंद जिन्यावरून वर नेणे किती अवघड आहे, हे तेव्हाच कळते. जहाजावरच्या मंडळींचे रक्तगट नोंदवलेले असतात, कारण रुग्णांसाठी लागणारे रक्त बहुतांशी तीच देतात. पाळीवर असलेल्या परिचारिकेने आदल्या दिवशी दिलेले रक्त तिच्याच वॉर्डातील रुग्णाला चढवले जाणे, ही तेथे नवलाची गोष्ट नाही.

मर्सी शिप्स ही संस्था १९७८ मध्ये ख्रिस्ती श्रद्धेतून उभी राहिली, आणि प्रार्थना हा जहाजावरील जीवनाचा नित्य भाग आहे. रुग्णांच्या बाबतीत धर्माचा भेद केला जात नाही. तरीही आपल्याला त्या वातावरणात मोकळेपणाने राहता येईल का, याचा विचार अर्जापूर्वीच करावा.

निर्मळ:

मी जहाजावर गेलेलो नाही, सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो. या कामाविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच एक प्रश्न येथे मांडणे मला आवश्यक वाटते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०१५ च्या अहवालानुसार जगातील सुमारे पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया उपलब्ध नाही. जहाज आज आहे, काही महिन्यांनी नाही. २०१४ मध्ये इबोलाच्या साथीमुळे ‘आफ्रिका मर्सी’चा बेनिनचा नियोजित मुक्काम रद्द होऊन ते मादागास्करला गेले. निर्णय योग्यच होता, पण बेनिनमध्ये वाट पाहणाऱ्या रुग्णांचे काय झाले असेल? भाजल्यामुळे आखडलेल्या हातावर त्वचारोपण केले, तरी पुढे कित्येक महिने स्प्लिंट (हात सरळ ठेवणारा आधार) आणि व्यायाम हवा. तो कोण करवून घेणार?

धक्क्यावरची:

निर्मळ, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि जहाजावरही तो सतत चर्चिला जातो. कोणत्या शस्त्रक्रिया करायच्या, हे बऱ्याच अंशी याच विचाराने ठरते: ज्यांना पुढील उपचार दीर्घकाळ लागतील असे रुग्ण मुक्कामाच्या आरंभी घेतात, आणि जहाज निघण्याच्या सुमारास ज्यांची जखम लवकर भरते असेच रुग्ण घेतले जातात. प्रवास करण्याजोगे झालेले, पण ड्रेसिंग किंवा व्यायाम बाकी असलेले रुग्ण किनाऱ्यावरच्या निवासात राहतात. तरीही जहाज गेल्यावर काही उणे राहते, हे मी नाकारणार नाही. त्यावर खरा उपाय स्थानिक परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांचे प्रशिक्षण हाच आहे. हे प्रशिक्षण संस्थेच्या कामाचा मोठा भाग झाले आहे, आणि माझ्या मते ते शस्त्रक्रियांइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

रातराणी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ज्या गोष्टींची मला कल्पनाही नव्हती, त्या आपण लिहिल्यात. एक शेवटची शंका: अर्जात कोणत्या वॉर्डला पसंती द्यावी? लहान मुलांचे काम मी फार केलेले नाही.

धक्क्यावरची:

तसे अर्जात स्पष्ट लिहा. दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रियेसाठी येणारी बाळे कमी वजनाची असतात आणि वाकड्या पायांची मुले अस्थिरोगाच्या वॉर्डात पुष्कळ असतात. तेथे बालशुश्रूषेचा अनुभव असलेली परिचारिकाच हवी. तुम्ही श्वासमार्गाच्या नळीचे रुग्ण सांभाळले आहेत का, नळीने आहार देण्याची आणि त्वचारोपणाच्या ड्रेसिंगची सवय आहे का, प्रसूतीतील इजेमुळे फिस्टुला (लघवी गळत राहणारे छिद्र) झालेल्या स्त्रियांच्या कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, काळजी घेता येते का, हे तपशिलाने लिहिले म्हणजे तुम्हाला कोठे नेमायचे ते त्यांना ठरवता येते. तेथे गेल्यावर रुग्णसंख्या पाहून वॉर्ड बदलूही शकतो, त्याची तयारी ठेवा. निघण्यापूर्वी ट्रेकिऑस्टॉमीचे (श्वासासाठी गळ्यातून नळी घातलेले) रुग्ण असलेल्या विभागात काही पाळ्या मिळवता आल्या, तर अवश्य मिळवा.