परवाना माणसाच्या नावावर हवा, मशीनच्या नाही

अर्धविराम

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्त होऊन आला तेव्हा डिस्क तीच होती, सगळं जागच्या जागी होतं. कोड लिहायचा एडिटर उघडला, कोड दिसला, बिल्डचं, म्हणजे कोडमधून चालणारं ॲप बांधायचं, बटण दाबलं आणि समोर खिडकी आली: 'या परवान्यावरील संगणकांची मर्यादा संपली आहे.' हे टूल रीतसर पैसे भरून घेतलेलं. दोन मशीन्सची मुभा आहे आणि मी वापरतोही दोनच. पण परवाना मदरबोर्डच्या ओळखीला बांधलेला, त्यामुळे नवा बोर्ड म्हणजे त्यांच्या हिशेबी तिसरं मशीन. जुनं मशीन यादीतून काढायचं तर ते त्याच मशीनवरून काढावं लागतं, आणि तो बोर्ड कधीच भंगारात गेला होता. सपोर्टला मेल टाकली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात बिलाची प्रत मागितली होती. एकूण पाच दिवस काम अडलं. शेवटी तात्पुरती एक जादा जागा मिळाली.

मग अपडेटचा त्रास. परवाना सुरू झाल्याबरोबर टूलने स्वतःहून नवी आवृत्ती ओढून घेतली. मी प्रोजेक्ट उघडला, एक ओळ बदलली, सेव्ह करून गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ढकलली. ॲप बांधायच्या दुसऱ्या मशीनवर, म्हणजे बिल्ड मशीनवर, टूलची जुनी आवृत्ती होती, तिथे प्रोजेक्ट उघडेचना. डिफ, म्हणजे काय काय बदललं त्याची यादी, काढून पाहिला तर माझ्या ओळीखेरीज प्रोजेक्ट फाइलच्या माथ्यावरचा आवृत्ती क्रमांक बदललेला, आणि खालच्या नोंदींचा क्रमही. क्रमांक हाताने मागे नेला तरी जुनं टूल ऐकेना. अखेर कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदलेला तो बदल, उलटवली आणि ती एक ओळ साध्या नोटपॅडमध्ये बदलली.

माझं म्हणणं असं. परवाना माणसाच्या नावावर असावा. एका वेळी एकाच ठिकाणी चालवू द्या, पण मशीन कोणतं हे मला ठरवू द्या. अपडेट कधी घ्यायचं हेही मीच ठरवणार. प्रोग्रामिंगची टूल्स बनवणाऱ्या जेटब्रेन्सने २०१५ मध्ये सरसकट वर्गणी जाहीर केली तेव्हा प्रोग्रामर इतके चिडले की कंपनीला योजना बदलावी लागली: सलग १२ महिने पैसे भरले की वर्गणी थांबवल्यावरही एक आवृत्ती कायम वापरता येते. म्हणजे आपण धरून बसलो तर होतं. बाकीच्यांकडे आपण हे का मागत नाही?

पाना-पक्कड

तुमचे पाच दिवस गेले याचं वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. आम्ही तिघं मिळून एक छोटं टूल विकतो. सुरुवातीला आमचा परवाना म्हणजे नुसती एक की (टूल सुरू करायचा अक्षर-आकड्यांचा कोड) होती, मशीनची कसलीही अट नव्हती. एका ग्राहकाने एकच परवाना घेतला होता. मग त्याच्या ऑफिसातून बग कळवणाऱ्या मेल येऊ लागल्या, दर वेळी वेगळ्या माणसाची, आणि सोबत पाठवलेल्या टूलच्या प्रत्येक नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, तीच की. आम्ही सात माणसं मोजली. सपोर्ट सात जणांना, पैसे एकाचे. मशीनची अट आम्ही तेव्हा घातली, त्याआधी नाही.

शिवाय नावावरचा परवाना म्हणजे शेवटी लॉगिन, आणि लॉगिन म्हणजे सर्व्हरशी वरचेवर बोलणं. कारखान्यांतल्या, प्रयोगशाळांतल्या कितीतरी मशीन्सना इंटरनेट मुद्दामच दिलेलं नसतं. तिथे मशीनला बांधलेली परवान्याची फाइल एकदा कॉपी केली की वर्षानुवर्षं कुणाला विचारावं लागत नाही. तुम्ही मागताय ती सोय त्यांच्या मुळावर येईल.

अर्धविराम

सात माणसांची गोष्ट ऐकून खरंच राग आला, तुमच्या बाजूने. पण त्या सात जणांपायी बोर्ड बदलणाऱ्या एकाने बिलाची प्रत का दाखवायची? तुमच्या वेबसाइटवर लॉगिन करून मेलेलं मशीन मला यादीतून काढता यावं, एवढं एक बटण द्या. वर्षातून दोनदाच काढता येईल अशी अट घाला हवी तर.

पाना-पक्कड

ते बटण आमच्याकडे आहे. नसेल त्याला दोष द्या, मीही देईन. पण शीर्षकातली मागणी याच्या बरीच पुढची आहे, तिला माझा विरोध कायम.

कुलूपकिल्ली

परवान्यावर तुम्ही दोघं बोला, मला अपडेटबद्दल सांगायचंय. 'कधी घ्यायचं ते मी ठरवणार' हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात 'मी ठरवणार' याचा अर्थ बहुतेक ठिकाणी 'कधीच नाही' असा होतो. तीन मशीन्स असली की एक ताजं, एक वर्षभर जुनं आणि तिसऱ्यावर काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

आणि अधिकृत वाट सोडली की काय होतं ते २०१५ मध्ये दिसलं. चीनमधल्या बऱ्याच प्रोग्रामरांनी ॲपलचं एक्सकोड, म्हणजे आयफोनची ॲप्स बांधायचं टूल, अधिकृत जागेवरून फार हळू उतरतं म्हणून दुसरीकडे ठेवलेली प्रत घेतली. तिच्यात छेडछाड झालेली होती. त्या प्रतीतून बांधलेल्या ॲप्समध्ये घातक कोड आपोआप शिरला आणि ती ॲप्स थेट ॲप स्टोअरवर पोचली. वीचॅट या मेसेजिंग ॲपची एक आवृत्तीही त्यात होती. कोड लिहिणाऱ्यांनी काहीच वावगं लिहिलं नव्हतं, टूलच बाधित होतं. म्हणून टूल स्वतःहून, अधिकृत सर्व्हरवरून ताजं होत असेल तर मला ते हवंच आहे.

रात्रपाळी

अधिकृत वाटेवरूनही विष येतं. नेटवर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सोलरविंड्सचं प्रकरण २०२० च्या डिसेंबरात उघड झालं. तिथे बाधित अपडेट कंपनीच्याच सर्व्हरवरून, कंपनीच्याच सहीने उतरलं होतं. जवळपास १८,००० ग्राहकांपर्यंत ते गेलं असावं असं कंपनीने स्वतः सांगितलं. ज्यांनी त्या वेळी अपडेट लगेच घेतलं नाही ते वाचले.

आपल्या कामात दोन्ही भीतींवर एकच उपाय मला पटतो: टूलची आवृत्ती प्रोजेक्टमध्येच लिहून ठेवणं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये त्यासाठी ग्लोबल.जेसन नावाची फाइल आहे, ग्रेडल या बिल्ड टूलचा रॅपर आहे, रस्ट भाषेची टूलचेन फाइल आहे. फाइल गिटमध्ये असली की कोणत्याही मशीनवर तीच आवृत्ती चालते, आणि बदल करायचा तर तो कमिट होऊन सगळ्यांच्या नजरेसमोरून जातो. 'कुणालाच ठाऊक नाही' ही तक्रार तिथेच मिटते. अर्धविराम यांचं टूल हे करू देत नसेल तर खरा दोष तो आहे. परवान्याचा मुद्दा त्यामानाने लहान.

कुलूपकिल्ली

हे चालेल. पण ती फाइल कोण बदलणार आणि किती दिवसांनी, ते नाव घालून लिहा. नाहीतर दोन वर्षांनी तोच जुना क्रमांक तिथे बसलेला असेल.

मोकळा दोर

सगळे पैशाच्या टूलभोवती फिरताय. मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं, टूल घ्या, दहा मशीन्सवर टाका, कोण विचारतंय! ओरॅकलने २०२३ च्या जानेवारीत जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आपल्या टूल्सची वर्गणी घेणाऱ्या कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर नेली, मग त्यातले जावा वापरणारे दोनच का असेनात. ओपनजेडीके या मुक्तस्रोत जावाच्या फुकट बिल्ड्स (तयार प्रती) वापरणाऱ्यांना त्याची झळ लागली नाही.

रात्रपाळी

जावापुरतं खरं. पण फुकट आणि मुक्त यांत गल्लत नको. डॉकर डेस्कटॉप, म्हणजे प्रोग्रॅम कंटेनरांत (वेगळ्या बंदिस्त जागांत) चालवायचं टूल, सगळ्यांना फुकट होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अटी बदलल्या आणि २५० किंवा जास्त कर्मचारी, नाहीतर १ कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना वर्गणी लागू झाली. व्हीएस कोड या एडिटरचा स्रोत एमआयटी या मुक्त परवान्यात आहे, पण मायक्रोसॉफ्ट देते ती तयार प्रत त्यांच्या स्वतंत्र परवान्याखाली येते, आणि तिचं एक्स्टेन्शन्सचं (वरून जोडायच्या सोयींचं) मार्केटप्लेस इतरांच्या एडिटरांना वापरता येत नाही. परवाना वाचण्यातून सुटका कुठेच नाही.

अर्धविराम

रात्रपाळी, तुमचं ऐकून बिल्ड मशीनवरची आवृत्ती रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या गिटमधल्या साठ्यात) लिहून ठेवली आहे. टूल ती स्वतः पाळत नाही, म्हणून बिल्डच्या आधी आवृत्ती तपासून थांबणारी छोटी स्क्रिप्ट घातली. स्वयंचलित अपडेट बंद केलं. कुलूपकिल्ली, ते महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी घेणार, आधी बिल्ड मशीनवर, मग लॅपटॉपवर. तसं फाइलमध्ये माझ्या नावानिशी लिहिलंय.

पाना-पक्कड, नेट नसलेल्या मशीन्सचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. तिथे मशीनला बांधलेली फाइल ठेवा, बाकीच्यांना नावावर द्या, निवड घेणाऱ्याची. शीर्षक बदलत नाही. जुनं मशीन काढायच्या बटणाबद्दल त्या कंपनीला पुन्हा लिहिलंय. 'सूचनेची नोंद घेतली आहे' एवढं उत्तर आलं. मेलेला बोर्ड अजून माझ्या यादीत पहिल्या जागेवर आहे आणि तात्पुरत्या जागेचे अकरा दिवस उरलेत.