एर्टिगाच्या मागच्या सीटसाठी दोन स्क्रीन स्वतः बसवायच्या आहेत, वायरिंग कुठून घ्यावं?

विश्रामबाग_सांगली

गाडी एर्टिगा, पेट्रोल स्मार्ट हायब्रिड. डॅशबोर्डवर बाहेरून घेतलेला अँड्रॉइड स्टिरिओ आहे, त्याला मागे पिवळं व्हिडिओ-आउट आहे. पुढच्या दोन्ही हेडरेस्टच्या मागे १०.१ इंची क्लॅम्पवाल्या स्क्रीन लावायच्या आहेत. पुण्याला जाता-येता मागची मुलं तीन-चार तास बसून असतात, त्यांच्यासाठी.

दुकानदार स्क्रीनचा करंट स्टिरिओच्या मागच्या पिवळ्या पॉवर वायरवरून देतो म्हणतो, ते मला पटत नाही. करंट कुठून घ्यावा? एका व्हिडिओ-आउटवर दोन स्क्रीन चालतील का? सीट मागे-पुढे होते, मग वायर कशी न्यायची? आणि छताला लावायची एकच मोठी स्क्रीन बरी पडेल का?

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

छताचा विचार सोडा. तुमच्या एर्टिगात मागचा एसी छतात असेल तर मधली जागा त्यानेच घेतली आहे. शिवाय खाली उघडलेली स्क्रीन आतल्या आरशातून मागचं दिसणं अडवते. हेडरेस्टच बरोबर.

पिवळी वायर म्हणजे बॅटरीची कायमची लाइन. तिच्यावर स्क्रीन जोडली तर चावी काढल्यावरही ती स्टँडबायमध्ये करंट खात राहते आणि आठवडाभर उभी राहिलेली गाडी सेल्फ मारत नाही. लाल वायर एसीसीची, म्हणजे चावी फिरवल्यावरच करंट येणारी असते, पण तीही घेऊ नका. बऱ्याच स्टिरिओंमध्ये ती फक्त चालू-बंदचा इशारा देणारी बारीक वायर असते. दोन स्क्रीनचा भार तिच्यावर टाकला की ती तापते.

ड्रायव्हरच्या बाजूच्या फ्यूज बॉक्समध्ये १२ व्होल्ट सॉकेटच्या फ्यूजवर फ्यूज टॅप लावा, म्हणजे त्याच खाचेतून वेगळ्या फ्यूजसह दुसरी लाइन काढणारा जोड. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंट्रोलच्या फ्यूजला हात लावायचा नाही. आधी मूळ फ्यूज काढून त्याचा आकार बघा. मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी वरून सारखेच दिसतात, पण पायांची लांबी वेगळी असते आणि चुकीचा टॅप हादऱ्याने ढिला होतो. मग फ्यूज काढलेल्या खाचेत चावी चालू ठेवून टेस्टर बल्ब लावा. दोनपैकी एका पत्तीवर करंट येईल, ती सप्लायची बाजू. टॅप असा बसवा की तुमची लाइन सप्लायच्या बाजूने स्वतःच्या फ्यूजमधून निघेल. उलटा बसला तर तुमचा भारही मूळ फ्यूजमधून जातो.

अशी एक स्क्रीन साधारण १ ते १.५ अँपिअर घेते. दोन्हींचे ३ धरा आणि ५ अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूज उडाला म्हणून १५ चा टाकला तर मधली वायरच फ्यूजचं काम करेल, आणि ती असते कार्पेटखाली.

वायर १ स्क्वेअर एमएमची, तांब्याची. फ्यूज बॉक्सपासून सीटपर्यंत ४ मीटर धरले तर जाऊन-येऊन ८ मीटर होतात. ३ अँपिअरला त्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा थोडी कमी घट होते, ती चालते. स्क्रीनबरोबर येणारी बारीक वायरच लांबवली तर घट दुप्पट किंवा त्याहून जास्त.

अर्थ (निगेटिव्हची वायर) सीटच्या बोल्टला किंवा सीटबेल्टच्या बोल्टला घेऊ नका. ते बोल्ट ठरावीक टॉर्कने आवळलेले असतात आणि त्यांच्यावर जीव अवलंबून असतो. डॅशबोर्डखाली बॉडीचा ६ एमएमचा बोल्ट शोधा, रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, थिंबल (वायरच्या टोकाला बसणारं कडं) आणि दातेरी वॉशर लावून आवळा. स्क्रीन चालू असताना त्या बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटरवर ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसलं पाहिजे. स्मार्ट हायब्रिडला दुसरी लिथियम बॅटरी असते, तिच्या टर्मिनलवरून काहीही घ्यायचं नाही.

कराड_कारऑडिओ

व्हिडिओचं मी सांगतो. पिवळ्या आउटपुटवर साधी वाय-केबल लावून दोन स्क्रीन जोडू नका. तो सिग्नल १ व्होल्टचा आणि ७५ ओहमच्या हिशोबाचा असतो. दोन स्क्रीन समांतर लागल्या की सिग्नल पडतो, चित्र काळपट होतं किंवा गुंडाळत वर सरकतं. १२ व्होल्टवर चालणारा छोटा व्हिडिओ अँप्लिफायर मिळतो, एक इनपुट आणि चार आउटपुटचा. तो स्टिरिओच्या मागे बसतो.

पण खरं सांगायचं तर १०.१ इंचावर कंपोझिटचं, म्हणजे या पिवळ्या आउटपुटचं, चित्र मऊच दिसतं. त्यात पाल या टीव्ही पद्धतीच्या ५७६ रेघा, बस्स. दोन्ही मुलांना एकच सिनेमा बघायचा नसेल तर अँड्रॉइडवाल्या स्क्रीन घ्या आणि प्रत्येकीला पेन ड्राइव्ह लावा. मग स्टिरिओशी व्हिडिओची जोडणीच नको, वायरिंगही निम्मं होतं. माझं मत याच बाजूचं आहे. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि एच-२६५ पद्धतीने दाबलेली व्हिडिओ फाइल स्वस्त स्क्रीनवर अडखळते, जुन्या एच-२६४ ची ठेवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भिस्त ठेवू नका, खंबाटकीत रेंज गेली की मागून रडारड सुरू.

आता वायरचा रस्ता. काम सुरू करण्याआधी चावी काढा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचा टॅग आहे का ते बघा. असेल तर त्या कडेने वायर न्यायचीच नाही, आणि तिथे शिवणीवर घट्ट कव्हरही नको, कारण बॅग त्याच शिवणीतून फुटून बाहेर येते. सीटखाली पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला मीटरही लावू नका.

दाराखालची प्लास्टिक पट्टी प्लास्टिकच्या पानानेच उचला, स्क्रू-ड्रायव्हरने क्लिप तुटतात आणि पट्टी कायमची खडखडते. वायर पट्टीखालून, मग कार्पेटखालून सीटच्या पुढच्या पायाशी बाहेर काढा. सीटचा रूळ टाळा. तिथून वर सीटच्या फ्रेमपर्यंत नालीदार नळीत घाला आणि ढील ठेवा. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे आणि पाठ पूर्ण आडवी करून तिन्ही वेळा बघा. रुळात अडकलेली वायर एका दिवसात तुटत नाही. इन्सुलेशन घासत जातं आणि एक दिवस फ्यूज उडायला लागतो.

वर पाठीच्या कव्हरमधून, आतल्या कडेने. कव्हरला खाली हूक किंवा चेन असते, ती उघडली की कापायची गरज पडत नाही. जोड पिळून टेप गुंडाळून करू नका. सांगलीच्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. क्रिम्प करून (पकडीने जोड दाबून) वर हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी लावा, आणि ट्रिममध्ये वायर वाजू नये म्हणून कापडी टेप.

क्लॅम्प घेण्याआधी हेडरेस्टच्या दोन दांड्यांमधलं अंतर आणि दांडीची जाडी मोजा. रबरी बुश घट्ट बसले पाहिजेत. जोरात ब्रेक लागला की मागच्या मुलाचं डोकं पुढे याच स्क्रीनवर येतं, म्हणून टोकदार कडा, पुढे आलेला स्टँड किंवा इलॅस्टिकचा पट्टा असलेलं काही घेऊ नका, आणि मागच्यांना बेल्ट लावायला लावा.

विश्रामबाग_सांगली

तुमच्या सांगण्याप्रमाणे बसवलं, अँड्रॉइडवाल्याच घेतल्या. दोन अडचणी आहेत. डाव्या स्क्रीनचा आवाज वायरने स्टिरिओला दिला आहे, त्यात कूं असा आवाज येतो आणि रेस वाढवली की तो चढतो. आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन चालू झालं की दोन्ही स्क्रीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

रेसबरोबर चढणारा आवाज अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचा. तो ऑडिओत शिरतो कारण स्टिरिओची अर्थ एका जागी आहे आणि स्क्रीनची दुसऱ्या, मग ऑडिओ केबलची जाळीच अर्थचा रस्ता बनते. खात्री करा: केबल स्टिरिओपासून काढून स्क्रीनचाच स्पीकर ऐका, आवाज गेला तर अर्थ लूप. दोन्हींची अर्थ एकाच बोल्टवर आणा. तरी राहिला तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. साधं ऑडिओ आयसोलेटर व्हिडिओच्या पिवळ्या केबलमध्ये चालत नाही, हे लक्षात ठेवा.

रीबूटचं कारण व्होल्टेजची घट. इंजिन पुन्हा चालू होताना व्होल्टेज खाली जातं आणि स्क्रीन बंद पडते. स्क्रीनच्या लाइनमध्ये फ्यूजनंतर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा स्टॅबिलायझर टाका, पण बक-बूस्ट प्रकारचा, जो ८-९ व्होल्ट आले तरी १२ देतो. नुसता बक घेतला तर १२ च्या खालचं तो वर उचलू शकत नाही. तो फोमखाली दाबू नका, गरम होतो. पत्र्याला चिकटवा. तोवर गर्दीच्या रस्त्यावर ऑटो स्टॉप बटणाने बंद ठेवा.

कराड_कारऑडिओ

काम झालं की गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर सिरीजला लावून बघा. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर निश्चिंत. मीटर लागलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

विम्याला नूतनीकरणाच्या वेळी स्क्रीन कळवा. आयएमटी-२४ या विम्याच्या जोडकलमात बाहेरून बसवलेली इलेक्ट्रॉनिक साधनं येतात, बिल जपून ठेवा. डॅशबोर्डच्या स्टिरिओवर मात्र चालत्या गाडीत व्हिडिओ लावू नका, चालकाला दिसणारा व्हिडिओ नियमात बसत नाही. हँडब्रेक ओढल्याशिवाय व्हिडिओ न दाखवणारा लॉक स्टिरिओत असतो, हँडब्रेकची वायर अर्थला जोडून तो उडवून देणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा.