बायोमेडिकलनंतर पुढे काय? गेट की जर्मनी?

ईसीजीवाला:
नमस्कार मंडळी, मुंबईत बीई बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या, मेडिकल डिव्हाइसवाली एखादी आलीच तर ती पण सेल्ससाठी. मला डिव्हाइस बनवायचीत. प्रोजेक्ट एडी८२३२ चिपवर ईसीजीचा आहे (सध्या स्क्रीनवर ठोके कमी आणि लाइटच्या लायनीचा ५० हर्ट्झचा गोंगाटच जास्त दिसतो). बाबा म्हणतात गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) दे, मामा म्हणतो जर्मनीत फी नाही, आई म्हणते काय ते ठरव पण लवकर ठरव. कोणी गेलंय का या वाटेने?

वेल्लोर_रिटर्न:
गेट देच. २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, आमच्या वेळी इन्स्ट्रुमेंटेशनवर भागवावं लागायचं. ठरलेल्या जोड्यांतून दोन पेपर देता येतात आणि स्कोअर ३ वर्षं चालतो. पवईच्या आयआयटीचं सगळे सांगतील, तिथे बेटिक आहे, डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून डिव्हाइस करतात. पण क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एमटेक पण बघ, आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि त्रिवेंद्रमचं श्री चित्रा, तिघांचा मिळून आहे. चित्राचा हार्ट व्हॉल्व्ह माहितीये ना? आधीची मॉडेल्स फसली, चौथं चाललं, १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवला. नीलमची तबकडी काही टिकली नाही आणि शेवटी चालली ती चिवट प्लास्टिकची! तुझे ५० हर्ट्झ त्यापुढे काहीच नाहीत रे.

एर्लांगेनकर:
मामांना सांग फी नाही म्हणजे खर्च नाही असं नसतं 😄 सध्या वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला (महिन्याला ठराविकच पैसे काढता येतात असं खातं) टाकून दाखवावे लागतात, मार्कशीट खऱ्या असल्याचं एपीएस सर्टिफिकेट वेगळं, ते आधी मागवून ठेव. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने पण आता चालू केलीय. मी इथे एर्लांगेनला एफएयू युनिव्हर्सिटीत मेडिकल इंजिनिअरिंग केलं, इमेजिंग आवडत असेल तर हे गाव मस्त, सीमेन्स हेल्थिनियर्स इथलीच. पण जर्मन शीक बाबा. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी वेर्कश्टुडंटच्या (शिकता शिकता करायचा पार्टटाइम जॉब) इंटरव्ह्यूला समोरचा दोन मिनिटांत जर्मनवर येतो, मी एवन, म्हणजे अगदी पहिल्या लेव्हलच्या जर्मनवर आलो होतो आणि पहिलं वर्ष गोडाऊनमध्ये खोके उचलले.

बायोमेड_ताई:
मी पुण्यात हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल इंजिनिअर आहे. दोघांचं बरोबर आहे पण डिव्हाइस बनवायचीत तर आधी ती वापरताना बघ, सहा महिने तरी. रात्री अडीचला आयसीयूतून फोन, सलाइनचा पंप बिघडला, सारखा ऑक्लूजनचा (नळी अडल्याचा) अलार्म देतोय. जाऊन बघितलं तर पंप ठणठणीत, ट्यूबवरचा रोलर क्लॅम्पच बंद राहिलेला. आता यात सिस्टरची चूक की डिझाइनची, हे पुस्तकात नाही सापडत. एमटेकच्या इंटरव्ह्यूला असलं सांगितलंस तर प्रोफेसर खुर्चीत सरसावून बसतात, माझ्या ज्युनिअरचा अनुभव आहे.
आणि ते ५० हर्ट्झ: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालव, आरएलचं (उजव्या पायाचं) इलेक्ट्रोड नीट चिकटलंय का बघ. ५० हर्ट्झ गाळणारा नॉच फिल्टर नंतर.

ईसीजीवाला:
थँक्यू ताई, दादा लोक. गेटचा फॉर्म भरतोय, जर्मनचा क्लास पण बघतो, मामाला फिगर कळवली तर तो एकदम गप्पच झाला. आणि ताई, चार्जर काढला, आरएलचं पॅड खरंच सुटलेलं होतं. ठोक्याच्या सुरुवातीची छोटी पी वेव्ह दिसली!!